मूल दाखवायला लाजू नका

शेतकरी मला पीक दाखवतो, जनावर दाखवतो, विहिरीचे पाणी किती उतरले तेही दाखवतो. पानावर एखादा ठिपका दिसला तरी फांदी मोडून पंचायत समितीत घेऊन येतो. पण घरातले एखादे मूल वेगळे वागत असेल, तर ते मात्र तो दाखवत नाही. साहेब आले म्हटले की त्या मुलाला आतल्या खोलीत नेतात आणि बाहेरून कडी लावतात. विस्तार अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षे गावोगाव हिंडताना अशी लागलेली कडी मी पुष्कळ घरांत पाहिली. माझा विषय शेतीचा. तरीही आज पिकाविषयी न लिहिता त्या कडीविषयी लिहावेसे वाटते.

आत असलेल्या मुलांपैकी काहींच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर मंडळी ऑटिझम म्हणतात. यात मेंदूची घडण पहिल्यापासूनच थोडी निराळी असते. हा साथीचा रोग नव्हे की फवारणी केली आणि गेला. ती आयुष्यभराची ठेवण आहे. मात्र लवकर ओळखले आणि रोज थोडे थोडे शिकवले, तर मूल पुष्कळ काही शिकते.

ओळखायच्या खुणा आयाबहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. मूल नऊ-दहा महिन्यांचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही. वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षे झाली तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा बोलू लागलेले मूल मध्येच बोलायचे थांबते. यातली एखादी खूण दिसली म्हणजे मूल स्वमग्न आहेच असे नाही. पण ते डॉक्टरांना दाखवले मात्र पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील एका गावी २०१४ च्या सुमारास डाळिंबावरचा तेल्या रोग पाहायला गेलो होतो. ओसरीवर साडेतीन वर्षांचा मुलगा ठिबकचे जॉइनर आणि टी एका ओळीत मांडत बसला होता. हाक मारली तर मान वळवीना. मुलगा बहिरा असावा, असे घरचे धरून चालले होते. इतक्यात मळ्यात मोटार सुरू झाली आणि तो कान टवकारून धावत सुटला. येताना कोणाचा तरी पाय लागून ओळीतला एक तुकडा सरकला, तेव्हा त्याने जमिनीवर लोळण घेतली ती अर्धा तास.

आजी म्हणाल्या, “साहेब, याचा बाबी चार वर्सापत्तुर बोलत नव्हता. हिनंच गरोदरपणी गिराण पाळलं न्हाई, त्याचं हाय हे.” सून खाली मान घालून उभी होती. देवऋषी झाला होता, दोन बोकड कापून झाले होते. तिने हळदीकुंकवाला जाणेही सोडले होते.

या आयांवरचा आळ पहिल्यांदा उतरला पाहिजे. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास करून ही अवस्था जगापुढे मांडली. त्यानंतर बरीच वर्षे मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, की आईची माया कमी पडते म्हणून मूल असे होते. ते साफ चुकीचे ठरले. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि याचे मूळ बरेचसे आनुवंशिक असल्याचे दिसले. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. लसीचाही नाही. गोवराच्या लसीवर तसा आळ घेणारा एक लेख १९९८ मध्ये छापून आला होता. तो चुकीचा निघाला आणि छापणाऱ्या नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका.

त्या कुटुंबाला मी फक्त वाट दाखवली. आमच्या पंचायत समितीच्या आवारात अंगणवाड्यांचे कार्यालय आहे, शिक्षण विभाग आहे. तिथल्या मंडळींना विचारून मला जे कळले, ते मी त्यांना सांगितले. तेच तुम्हालाही सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यातले डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पैसा पडत नाही. पथकाला शंका आली तर ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तिथे आधी कान तपासतात, मग बोलणे, वागणे, खेळणे पाहतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला मामाच्या गावी धाडू नका. नेमके हेच पुष्कळ घरांत होते.

केंद्रावरच्या ताईंनी त्या सुनेला औषधाची बाटली दिली नाही, काम दिले. मुलाच्या समोर जमिनीवर बसायचे. तो जे पाहतो आहे त्याचे नाव घ्यायचे. एका वेळी दोनच शब्द बोलायचे आणि मग थांबायचे. लाडू लगेच हातात न देता त्याने बोट दाखवेपर्यंत वाट पाहायची. दिवसाची कामे चित्रे काढून भिंतीवर लावायची: उठणे, दात घासणे, न्याहारी, अंघोळ, मळा. बेत बदलणार असेल तर आधी सांगायचे. आणि बोलायचे ते घरच्याच बोलीत, अवघड पुस्तकी भाषेत नव्हे.

बोट दाखवायला नऊ महिने लागले. पहिला शब्द पाचव्या वर्षी आला, तो ‘आई’ नव्हता, ‘मोटार’ होता. आजींनी गल्लीत साखर वाटली.

पुढे शाळेचा प्रश्न आला. याला विशेष शाळेतच घाला, इथे सांभाळणे जमायचे नाही, असे उत्तर मिळाले. त्या वेळी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला होता. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. नव्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ती त्यांत आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. वडिलांनी गटसाधन केंद्रात अर्ज केला. तिथल्या विशेष शिक्षिका शाळेत येऊ लागल्या. घंटेच्या आवाजाने मुलगा वर्गाबाहेर पळायचा, तेव्हा घंटा होण्याआधी त्याला कान झाकायची खूण करायची असे ठरले. एवढ्याने पळणे थांबले. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना वाढीव वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हेही लक्षात असू द्या.

दाखला आणि युडीआयडी कार्ड. ते काढायला लाजू नये. त्याच्या आधारावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. उलट, इतक्या दिवसांत बरा करतो म्हणून बोली लावणारे भेटले, तर त्यांच्यासाठी जमीन गहाण टाकू नका. स्वमग्नता घालवणारे औषध आजवर निघालेले नाही. झटके येत असतील किंवा झोप लागत नसेल, तर त्यावर डॉक्टरांची औषधे असतात. ती मात्र नेमाने द्यावीत.

आता शेतकऱ्याच्या खास कामाची एक गोष्ट. डॉ. कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला गावापासून दहा मैलांवर एका कुळाच्या शेतावर ठेवले. १९४५ मध्ये डॉक्टर तिथे गेले आणि त्या नवराबायकोचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला सारखे मोजमाप करायचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी हातात नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितले. डॉक्टरांच्या देखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, घोडाही नीट वळवला. हाच डोनाल्ड पुढे बँकेत नोकरी करू लागला, देशोदेशी एकटा फिरला आणि २०२३ मध्ये, वयाच्या नव्वदीजवळ वारला. शेवटपर्यंत तो आपल्याच गावात राहिला आणि गावाने त्याला आपला मानले.

त्या कुळाने नाद मोडला नाही, नादाला काम दिले. ही युक्ती आपल्याकडेही चालते. जॉइनर ओळीत मांडणारा तो मुलगा आज पंधराच्या पुढे आहे. वडिलांनी शेडनेटमध्ये टोमॅटो-वांग्याची छोटी रोपवाटिका केली आहे. अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एक बी टाकायचे काम त्याचे. एक कप्पा रिकामा जात नाही, एकात दोन बिया पडत नाहीत. बोलतो तीन-चार शब्दच. गावात लग्नाचा डीजे लागला की मोटारीच्या खोलीत दार लावून बसतो, त्या दिवशी काम होत नाही. होऊ नये म्हणून कोणी त्याला ओढतही नाही.

शेतावर धोकेही आहेत. ही मुले न सांगता निघून जातात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. धोका कळण्याची समज मात्र उशिरा येते. शेततळी घ्या म्हणून मीच गावोगाव सांगत फिरलो, म्हणून हेही मीच सांगितले पाहिजे. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा. चारी काठांना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवा. विहिरीला कठडा किंवा जाळी करा. औषधे कुलपात ठेवा. मुलाला पोहायला शिकवा. सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवा आणि शेजारच्या मळेकऱ्यांना सांगून ठेवा, की हा एकटा दिसला तर आधी पाण्याकडे बघा.

मूल वयात येऊ लागले की घरचे गप्प होतात. ते बरे नव्हे. शरीर त्याच्या वेळेला वाढतेच. कपडे दार लावून बदलायचे, कोणी कुठे हात लावलेला चालत नाही, नको असेल तर ‘नको’ म्हणायचे, हे चित्रांनी आणि रोजच्या सवयीने शिकवावे लागते. मुलीला पाळीची ओळख पहिली पाळी येण्याआधीच करून द्यावी. न बोलणाऱ्या मुलाला कोणी त्रास दिला तर ते सांगू शकत नाही, म्हणून त्याचे वागणे एकाएकी बदलले तर कारण शोधावे. आणि लग्न करून दिले की सुधारेल, हा विचार मनातून काढून टाकावा. त्यात दुसऱ्या घरच्या लेकराचीही फसवणूक आहे.

शेवटी एकच प्रश्न उरतो, तो प्रत्येक आईबाप विचारतात: आमच्यामागे याचे काय? अठरा वर्षांनंतर गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठीच्या स्थानिक समितीवर जिल्हाधिकारी असतात. आणि जमिनीत त्याचा हिस्सा इतर भावंडांइतकाच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २८ सांगते, की कोणताही आजार किंवा व्यंग असले म्हणून वारसा जात नाही. तरी ‘त्याला काय कळतंय’ म्हणत वारसनोंदीत नाव गाळण्याचे किंवा हक्कसोडीवर अंगठा घेण्याचे प्रकार मी सातबारा पाहताना पाहिले आहेत. बंधूंनो, जो बोलू शकत नाही त्याचे बोलणे सातबाराने बोलले पाहिजे. आपण धडधाकट आहोत तोवर त्याचे नाव लावून घ्या आणि त्याला सांभाळणाऱ्या भावाबहिणीशी मोकळेपणाने बोलून ठेवा.

असो. खुणा सांगितल्या, वाटाही सांगितल्या. घरात, भावकीत किंवा शेजारी असे मूल असेल, तर डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत कधी येणार ते उद्याच सेविकाताईंना विचारा. आणि आतल्या खोलीची कडी आजच काढा.