शंभर नकार

वर्गात शिकविता शिकविता एकाएकी मला पुढचे काही आठवेना. मुले हसली, आणि मी चार दिवस रजा घेऊन उस्मानपुऱ्यातील घरात तोंड लपवून बसलो. त्या रिकामपणी डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी हाती आली. १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचाराचा पाया घालणारा हा मानसशास्त्रज्ञ तरुणपणी कमालीचा बुजरा! एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात त्याने महिनाभरात शंभर स्त्रियांशी बळेच बोलणे काढले. भेटीस कबूल झाली एकच, आणि तीही आली नाही. पण आभाळ काही कोसळले नाही! प्रसंगापेक्षा त्याविषयीची आपली समजूतच अधिक छळते, हे एपिक्टेटसचे मत त्याने पुढे रुग्णांसाठी राबविले. मुलांनी हसताच कामा नये, हा माझाही हट्टच की! पाचव्या दिवशी वर्गात जाऊन, मी कोठे अडलो होतो, ते मुलांनाच विचारले.