पान्हा

परवा माझी नात मैत्रिणीला सांगत होती, "आमचे आजोबा म्हशीच्या सडावर डॉक्टर झालेत." मैत्रीण खुदकन हसली. हसेना का! हे हसू मी उभा जन्म ऐकत आलो आहे. सोयरिकी येत होत्या तेव्हा तर ते फारच जवळून ऐकले.

लोकांना वाटते, माझे संशोधन परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले. छे! ते सुरू झाले पंढरपूरजवळच्या आमच्या गोठ्यात, 1962 साली. चंद्री नावाची म्हैस होती आमची, तलवारीसारख्या लांबलचक शिंगांची. तिचे रेडकू आठव्या दिवशी दगावले आणि तिने पान्हा चोरला. पुढे आंबोण ठेवून झाले, रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते उभे करून झाले, चरवी कोरडीच. अण्णा तापट. दाव्यानेच त्यांनी तिला सडकून काढले. ते मारत गेले, ती आटत गेली. शेवटी बाजार दाखवला. "चोर जात!" एवढे बोलून अण्णा हातपाय धुवायला गेले. मी नऊ वर्षांचा होतो. त्या रात्री दूधभात माझ्या घशाखाली उतरला नाही.

1971 साली परळला आलो. महाविद्यालय 1886 सालचे. शरीररचनेच्या दालनात फॉर्मलिनचा असा दर्प, की नवा विद्यार्थी पहिले आठ दिवस नुसता रडे. सिसनचा ग्रंथ म्हणजे आमचा वेद. त्यात घोड्याची काय बडदास्त! त्याच्या बरगड्यांच्या 18 जोड्या, गाईच्या 13. घोड्याला पित्ताशय नाही. गाईच्या हृदयात तर चक्क हाड असते. (अजूनही कुणाला हे सांगितले की तो माझ्याकडे संशयाने पाहतो.) आमच्या म्हशीला मात्र त्या ग्रंथात जागा शोधावी लागे. मी मनाशी ठरवले, आपण हिचेच काम करायचे.

मग पहाटे देवनारच्या कत्तलखान्यातून कास डब्यात घालून आणायची. गोवंडीला गाडीत चढायचे, शिवडीला उतरायचे. गर्दी कितीही असो, माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी! पुढे मेणात बसवलेल्या सडाचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. मधली वर्षे बदल्यांत आणि परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत गेली. त्यांत सांगण्याजोगे काही नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसे ते असे : म्हशीच्या सडाच्या तोंडाशी स्नायूंचे कडे असते, गाईपेक्षा जाड आणि घट्ट. त्याची जाडी मोजणे एवढाच माझा वाटा. बाकीचे कोडे जगातल्या इतर अभ्यासकांनी उलगडले आहे. गाईचे सुमारे 20 टक्के दूध कासेतल्या हौदात तयार असते. म्हशीचे जेमतेम 5 टक्के. उरलेले वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्यांत. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटून रक्तातून कासेपर्यंत पोहोचले, तरच त्या पिशव्या आवळतात. जनावर भ्याले की ते सगळे अडते. चंद्रीने काही चोरले नव्हते. द्यायचे म्हटले असते तरी ते तिच्या हाती नव्हते.

1984 साली प्रबंध बांधून आला, तो घेऊन दिवाळीला गावी गेलो. वसुबारस होती. आईने गाय-वासरू पूजले. म्हशीला त्या दिवशी कोण विचारतो? अण्णांनी प्रबंध उघडला. एका आकृतीवरून त्यांचे राठ बोट हळूहळू फिरले. मी सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हंजे चंद्री चोर न्हवती," शेवटी म्हणाले.

"नव्हती, अण्णा."

त्यांनी प्रबंध मिटून फडताळात ठेवला, आणि चरवी घेऊन गोठ्यात गेले. मी कंदील धरून मागे. ते धारेला बसतात न बसतात तोच वाड्यापाशी फटाका वाजला. म्हशीने कान टवकारले. अण्णा उठले. मला वाटले, आता पोरांची धडगत नाही.

दाराशी जाऊन ते म्हणाले, "पोरांनो, जरा वड्याकडं जाऊन उडवा रं. ती भ्याली की तिचं काय चालत न्हाई."

परत येऊन ते खाली बसले आणि रिकामी चरवी बाजूला ठेवून कितीतरी वेळ नुसते तिच्या कासेवरून हात फिरवीत राहिले.