बाबांचा वाळा

माझ्या टेबलाच्या खणात, एका काड्यापेटीत, तुरीच्या दाण्याएवढा चांदीचा गोळा आहे. घरी येणारी मुलं खण उचकतात आणि हमखास विचारतात, "काका, हे काय?" मित्रांनो, ते माझं पहिलं चांदीकाम!

१९८७ साली मी नववीत होतो. आम्ही कोल्हापुरात राहायचो. तिथल्या गुजरीत सोन्याचांदीची दुकानं, आणि जवळचं हुपरी तर चांदीच्या पैंजणांसाठीच प्रसिद्ध. आमच्या बोळाच्या तोंडाशी एका सोनारकाकांचं काम चाले. शाळा सुटली की मी त्यांच्या उंबऱ्यावर. एकदा ते म्हणाले, "नुसता बघतोस काय? हात चालव."

चांदी मात्र देईनात. महिनाभर तांब्याची तार! ती पेन्सिलीला गुंडाळायची आणि बारीक करवतीनं कापायची, की सुट्या कड्या होतात. कडीची तोंडं अशी जुळवायची, की मधून उजेड दिसता कामा नये. कारण डाख फट भरत नाही. डाख म्हणजे सांधा जोडायचा धातू. चांदीत थोडं पितळ मिसळून तो करतात, म्हणून तो चांदीच्या आधी वितळतो. सांध्याला टाकणखार लावून तापवलं, की डाख पाण्यासारखा धावतो. (तुम्हांला हा छंद लागलाच, तर सुरुवात तांब्यावरच करा. कड्यांची साखळी करायला आगही लागत नाही. जाळाचं काम मात्र जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच. का, ते पुढं कळेल.)

सगळ्यात कठीण फुंकणी. गालांत हवा साठवायची आणि ती बाहेर सोडत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे ज्योत तुटत नाही. मला हे जमायला पंधरा दिवस लागले. गाल असे दुखायचे, की भाकरी चावेना.

त्याच सुमारास ताईला मुलगी झाली. बारशाला घालायला म्हणून आजीनं ट्रंकेतून बाबांचे लहानपणचे वाळे काढले. भरीव चांदीचे, प्रत्येकाला तीन घुंगरं. एकाचं एक घुंगरू निखळलं होतं. "सोनारांकडून लावून आण," आजी म्हणाली.

मी गेलो, तर काका जेवायला गेलेले. म्हटलं, एवढंसं तर काम, आपणच करू! फुंकणीनं एवढा वाळा तापेना, म्हणून मी त्यांची भात्याची गॅसबत्ती पेटवली आणि ज्योत धरली ती नेमकी घुंगरावर.

इथंच चुकलं. उष्णता वाहून नेण्यात चांदीचा हात धरणारा दुसरा धातू नाही. जाडजूड वाळा सांध्यावरची धग ओढून घेत होता, त्यामुळे सांधा थंडच. तापवायचा असतो तो जाड भाग, तोही सगळीकडून. पातळ घुंगरू आपोआप तापतं. पण मी डाख धावायची वाट बघत बसलो. चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. घुंगरू एकदम आरशासारखं चमकलं आणि त्याचा गोळा झाला. तो सुटा करायला मी ज्योत तिथंच ठेवली, तर वाळ्याची कडही बसली.

तेवढ्यात काका आले. आधी त्यांनी गॅस बंद केला. माझे हात उलटसुलट करून पाहिले, कुठं भाजलं नाही ना. मग वाळा पाहिला. "हा आता आटवायलाच हवा. पण आधी आजीला सांगून ये."

तो दीडशे पावलांचा बोळ मला कधी नव्हे इतका लांब वाटला. आजी रागावली नाही. तिनं वाळा हातात घेतला, बसलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "इथं तुझ्या बापाच्या दातांचे खळगे होते," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं!

पुढचे चार दिवस मी काकांकडेच. वाळा मुशीत आटवला, साच्यात ओतून कांडी केली. ती ऐरणीवर ठोकायची. ठोकून ठोकून चांदी कडक होते, मग तडकते. म्हणून मधेमधे ती अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवायची आणि पाण्यात बुडवायची, की पुन्हा मऊ. हे विसरलो म्हणून कांडी दोनदा तडकली, दोनदा पुन्हा आटवली. कानशीचा कीससुद्धा काकांनी कागदावर गोळा करून घेतला. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन त्यातले कण काढणारे झारेकरी असतात, हे मला तेव्हा कळलं.

वाचलेली दोन घुंगरं काकांनी लावू दिली. या वेळी ज्योत मी वाळ्याभोवती फिरवत राहिलो, आणि डाख धावला! तिसरं करायला वेळ उरला नव्हता. वितळलेला गोळा काकांनी मला दिला. "हा आटवू नकोस."

बारशाला भाचीच्या एका पायात तीन घुंगरं वाजली, एका पायात दोन. जमलेल्या बायकांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र कानांत तेवढंच वाजत होतं.

सात-आठ महिन्यांनी तिला पहिले दात आले. ती पाय तोंडात घालून वाळा चावत बसली होती. ताई ओढून घ्यायला गेली, तर आजी म्हणाली, "चावू दे गं तिला."