काळी पूड

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपल्या दागिन्यांची सोय करून ठेवलेली आहे. चांडाळानं अंगावर घालायचं ते लोखंड, जेवायचं ते फुटक्या भांड्यात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण लोखंडाचं ते कलम माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मी रोज लोखंडातच असतो.

मावळातल्या एका रोलिंग मिलमध्ये मी कामाला आहे. लालभडक कांब रुळांतून निघाली की तिच्या अंगावरून काळे पापुद्रे झडतात. मिलमध्ये कुणी त्याला स्केल म्हणतं, कुणी राख. पाळी सुटताना मी ते फावड्यानं भरतो. ती राख न्हाई दादा, लोखंडच हाय, हवेतला ऑक्सिजन खाल्लेलं — असं मला आमच्या वस्तीतल्या एका पोरीनं सांगितलं.

ही पोरगी लोणावळ्याची. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे लोक हवा खायला येतात, त्यांच्या बंगल्यांवर तिची आई धुणीभांडी करते. पोरगी मुंबईला धातू-निष्कर्षणात पीएच.डी. करते. निष्कर्षण म्हणजे काढणं. भंगारातल्या मोबाइलच्या बॅटऱ्या फोडल्या की आतून काळी पूड निघते. त्या पुडीतून कोबाल्ट आणि निकेल वेगळं काढायचं, हे तिचं काम. गेल्या महिन्यात तिला उत्कृष्ट संशोधक विद्यार्थिनीचा पुरस्कार मिळाला.

सुट्टीच्या दिवशी मी तिची प्रयोगशाळा बघायला गेलो. गेटवर तीनदा नाव विचारलं, दोनदा आडनाव. आत मात्र जे बघितलं ते सांगतो. काळी पूड गंधकाच्या ॲसिडात विरघळवून, गाळून, तांबं-मँगनीज आधी बाजूला काढून राहिलेलं पाणी. कोबाल्टचं पाणी गुलाबी असतं आणि निकेलचं हिरवं. दोन्ही एकत्र म्हणून धड कुठलाच रंग नाही. हे दोन धातू आवर्तसारणीत शेजारी-शेजारी, २७ आणि २८ नंबरला. गुण इतके सारखे की वेगळं होणं कठीण. तिनं त्यावर रॉकेलसारखं एक तेल ओतलं. त्यात सायनेक्स २७२ नावाचं औषध होतं. पाण्याचा आंबटपणा बेतानं जुळवला आणि नाळक्याचं काचेचं भांडं खदाखदा हलवून स्टँडला लावलं. तेल वर आलं, पाणी खाली बसलं. वरचं तेल निळंशार! खाली निकेलचं हिरवं पाणी. मग ते निळं तेल ताज्या ॲसिडात घुसळलं, तर कोबाल्ट तेल सोडून परत पाण्यात उतरला, गुलाबी होऊन. तेल पुन्हा वापरायला मोकळं.

मी कविता करतो. तिथं एकही ओळ सुचली नाही. नुसता बघत उभा राहिलो.

परतताना गाडीत डोकं चालू झालं. धातू काढणाऱ्याला बक्षीस — मग आजवर काढत कोण आलं? सोनाराच्या दुकानातला केर आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण शोधणारा झारेकरी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १८८० पासून इंग्रज कंपनी घुसली, आणि खाली उतरायला तमिळ मुलखातले आपलेच दलित बांधव. २००१ ला खाण बंद पडली. सोनं गेलं, सायनाइडनं धुतलेल्या मातीचे डोंगर तेवढे त्यांच्या दारात राहिले. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतो. तिथं काळी माणसं हातानं माती उकरतात, पोरंसुद्धा. पँथर हे नाव १९७२ ला आपण उगाच घेतलं नाही. आणि लांब कशाला, आमच्या वस्तीमागं पोरं वायरी जाळून तांबं काढतात. धूर छातीत जातो, तांबं भंगारवाल्याकडं. यातल्या कुणाला शाल-श्रीफळ मिळालेलं मी ऐकलं नाही.

शाल-श्रीफळ पोरीला मिळालं, आमच्याच विहारात. पुढारी आले, फोटो झाले, 'समाजाचं नाव काढलं' हे पाच जणांनी पाच वेळा म्हटलं. खुर्च्या गोळा करताना तिची आई हळूच माझ्याजवळ आली. "भाऊ, त्या फेलोशिपचे पैशे कधी येणार वो?" चौदा महिने झाले, एक हप्ता नाही. आईनं बचत गटातून उचल घेऊन पोरीची खानावळ भरलीय. पुरस्काराची रक्कम दोन महिन्यांच्या खोलीभाड्यात संपली.

दोस्तहो, बाबासाहेबांनाही हे चुकलं नव्हतं. १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड. मुदत संपली तसा १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने पैसे, असं जमवून १९२० ला पुन्हा गेले. तीन वर्षं अशी मधे गेली. १९२३ ला लंडनची डी.एस्सी. ज्या प्रबंधावर मिळाली तो रुपयाच्या प्रश्नावरचा. म्हणजे चांदी-सोन्यावरचाच! ज्याला शास्त्रानं लोखंड नेमून दिलं, त्यानं चांदी आणि सोन्याचा हिशेब साहेबाला त्याच्या घरात जाऊन समजावला.

आणि शंभर वर्षांनी, २०२३ साली, बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली संशोधक पोरं आझाद मैदानात उन्हात बसली. ८६१ जणांचा प्रश्न होता. प्रयोगशाळेत बसायचं वय, मैदानात बसण्यात चाललंय. पुरस्कार एकाला देता येतो, फोटोही निघतो. फेलोशिप सगळ्यांना वेळेवर द्यावी लागते, तिथं फोटो निघत नाही.

विहारात माइक माझ्या हातात आला तेव्हा मी एवढंच बोललो. पुढारी घड्याळ बघायला लागले. एक जाणते गृहस्थ नंतर म्हणाले, आनंदाच्या दिवशी रडगाणं कशाला. पोरगी मात्र उठून माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिनं माइकवर महिने मोजून दाखवले.

आता अडचण अशी आहे, की सायनेक्सची बाटली संपत आलीय. ती परदेशातून मागवावी लागते. पैसे नाहीत म्हणून ऑर्डर नाही, आणि पावसाळ्यापर्यंत बाटली आली नाही तर वर्ष गेलं, असं तिचं म्हणणं. येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात बसतोय. मावळातल्या ज्या-ज्या पोरापोरींचे हप्ते अडकलेत त्यांनी मंजुरीपत्राची प्रत आणावी. मराठी टायपिंग येणारा एक जण पाहिजे. माझी दुसरी पाळी आहे, मी दोनपर्यंत थांबू शकतो.