दोन आबनुसांची गोष्ट

मुलांनो, ‘आबनूस’ हा शब्द तुम्हांला घरूनच माहीत असेल. काळ्या, जड आणि मौल्यवान लाकडाला उर्दूत आबनूस म्हणतात, मराठीतही म्हणतात. पण मी ज्या दोन झुडपांविषयी सांगणार आहे, ती खऱ्या आबनुसाच्या कुळातली नाहीत. ती जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळातली आहेत. लाकूड काळे म्हणून लोकांनी त्यांनाही तेच नाव दिले.

दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचे लहानसे बेट आहे. नेपोलियनला कैदेत ठेवले होते ते हेच. ही झुडपे जगात फक्त तिथेच होती. १५०२ साली पोर्तुगीज खलाशांना हे बेट सापडले. त्यांनी तिथे शेळ्या सोडल्या. शेळीला कोवळा कोंब दिसला की झाले! पुढे माणसांनीही चुना भाजण्यासाठी हे लाकूड जाळले.

दोघांपैकी एकाची फुले मोठी. ती पांढरी उमलतात आणि मग गुलाबी होत जातात. दुसऱ्याची फुले लहान. १७७१ साली कॅप्टन कुक यांचे जहाज या बेटावर थांबले. त्या वेळी बँक्स आणि सोलँडर या शास्त्रज्ञांनी लहान फुलांच्या झुडपाच्या फांद्या वाळवून बरोबर नेल्या. त्यानंतर ते झुडूप कोणाच्याही हाती लागले नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. दोन्ही झुडपांना एकच नाव पडले. त्यामुळे एक नाहीसे झाले, हे कोणाच्या लक्षातच आले नाही! माणूस हरवला तर निदान हाक तरी मारतात.

१९८० साली जॉर्ज बेंजामिन आणि क्वेंटिन क्रॉन्क यांना एका उंच कड्यावर आबनुसाची दोन झुडपे दिसली. बेंजामिन यांच्या भावाने दोराने खाली उतरून त्यांच्या फांद्या आणल्या. त्या फांद्यांपासून हजारो रोपे तयार झाली. नष्ट झालेला आबनूस परत आला म्हणून लोकांना फार आनंद झाला. पण क्रॉन्क यांनी जुने वाळलेले नमुने ताडून पाहिले. कड्यावरचे झुडूप मोठ्या फुलांचे होते. १९९५ साली त्यांनी त्याला वेगळे नाव दिले. जुने नाव लहान फुलांच्या झुडपाकडेच राहिले. आज त्याच्या वाळलेल्या फांद्या लंडनच्या संग्रहालयात कागदावर चिकटवून ठेवलेल्या आहेत.