हमामात्सू : वाद्यांचं गाव

मुलांनो, जपान म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? फुजी पर्वत, चेरीची फुलं, भूकंप आणि बुलेट ट्रेन. बरोबर ना? पण आज आपण त्या बुलेट ट्रेनमध्ये बसून अशा एका शहरात उतरणार आहोत, की ज्याचं नाव आपल्या भूगोलाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मात्र या गावात तयार झालेली एखादी तरी वस्तू तुमच्या गल्लीत नक्की असेल!

टोकियोहून निघालं की सुमारे २५७ किलोमीटरवर हे शहर लागतं. म्हणजे मुंबईहून मनमाडला जाण्याइतकं अंतर. थांबणारी बुलेट ट्रेन मिळाली, तर दीड तासाच्या आसपास आपण तिथे पोहोचतो. शहराचं नाव हमामात्सू. होंडा कंपनी इथलीच आणि सुझुकीही इथलीच. सुझुकींनी १९०९ साली इथे मोटारींचा नव्हे, तर हातमागांचा कारखाना काढला होता, बरं का! आणि तिसरं नाव यामाहा. तुमच्यापैकी मोटारसायकलवाले म्हणतील, "हां, माहीत आहे!" पण यामाहाची सुरुवात झाली ती मोटारसायकलनं नाही. ती झाली एका शाळेतल्या बिघडलेल्या ऑर्गनमुळे.

ती गोष्ट अशी. १८८७ साली हमामात्सूच्या एका प्राथमिक शाळेतला ऑर्गन बंद पडला. आपल्या संगीत नाटकांत पायानं भाता मारून वाजवायचा ऑर्गन असतो ना, तसाच हा. अमेरिकेहून आणलेला आणि महागडा. दुरुस्त करणार कोण? गावात तोराकुसू यामाहा नावाचा एक कारागीर होता. घड्याळं आणि दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा. त्यानं ऑर्गन उघडला, दुरुस्त केला आणि त्याच्या मनात आलं, 'हे तर आपणही करू शकू!' एका साथीदाराला घेऊन त्यानं नवा ऑर्गन बनवला. मग दोघांनी तो काठीला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा डोंगर ओलांडून, पायी पायी टोकियोच्या संगीत संस्थेत नेला. तिथल्या जाणकारांनी सांगितलं, "घडण छान आहे, पण सूर नीट लागलेले नाहीत." यामाहा रुसून परत गेला नाही. तिथेच राहून तो सुरांचं शास्त्र शिकला, गावी येऊन दुसरा ऑर्गन बनवला आणि तो पसंत पडला. १८८९ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. यामाहाच्या खुणेत एकमेकांवर ठेवलेले तीन चिमटे दिसतात. ते सूर जुळवण्याचे चिमटे आहेत.

तेव्हापासून हे गाव वाद्यांचं गाव झालं. कावाई हे पियानोचं प्रसिद्ध नावही इथलंच. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर २१२ मीटर उंचीची एक इमारत दिसते. १९९४ साली बांधलेल्या या इमारतीचा आकार आहे उभ्या धरलेल्या माउथ ऑर्गनचा! मे महिन्यात ३ ते ५ तारखांना इथे मोठा पतंगोत्सव असतो. घरात पहिलं बाळ झालं, की त्याच्या नावाचा भला मोठा पतंग उडवतात. आणि १९९५ साली इथे वाद्यांचं संग्रहालय उघडलं. जगभरातली शेकडो वाद्यं तिथे मांडलेली आहेत. २०१४ साली युनेस्कोनं या शहराला 'संगीताचं शहर' असा मान दिला.

आता आपण वळू या एका वाद्याकडे. त्याचं नाव मारिंबा. पियानोच्या पट्ट्यांसारख्या, पण लाकडाच्या, ओळीनं मांडलेल्या पट्ट्या. डावीकडच्या लांब-रुंद, उजवीकडे जाता जाता छोट्या होत गेलेल्या. प्रत्येक पट्टीखाली एकेक नळी लटकते. वाजवायला लोकर गुंडाळलेल्या गोल बोंडाच्या काठ्या. दोन्ही हातांत मिळून कधी दोन, तर कधी चार. आपल्याकडे काष्ठतरंग म्हणतात, त्याच जातीचं हे वाद्य. जलतरंगात पाण्याचे वाडगे, तर इथे लाकूड.

नुसत्या लाकडातून स्वर कसा निघतो? पट्टी जेवढी लांब तेवढा स्वर खालचा, हे तर झालंच. पण कारागीर पट्टीच्या पोटाकडून लाकूड काढून तिला कमान देतो. मधोमध तासलं की स्वर उतरतो, टोकांना तासलं की चढतो. जास्तीचं लाकूड गेलं की ते परत चिकटवता येत नाही. म्हणून हे काम बेताबेतानं, ऐकत ऐकत करावं लागतं. शिवाय पट्टीतून एकच स्वर निघत नाही. मुख्य स्वराबरोबर वरचेही स्वर निघतात. त्यांतला एक बरोबर दोन सप्तकं वर येईल अशी ती तासतात. म्हणून मारिंबाचा आवाज गोड आणि भरदार लागतो. खालची नळी तोच स्वर मोठा करून देते. सगळ्यांत खालच्या स्वराला सव्वा मीटरहून अधिक लांबीची नळी लागते. एवढी नळी जमिनीला टेकेल, म्हणून ती वाकवतात किंवा रुंद करतात.

मारिंबा मूळचा जपानी नव्हे हं. हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांतला. आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून जहाजांतून अमेरिका खंडात नेलं, तेव्हा त्यांच्याजवळ सामानसुमान नव्हतं, पण हातांत आणि डोक्यात संगीत होतं. त्यातून मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला आणि मेक्सिकोच्या चियापास भागात हे वाद्य रुजलं. ग्वाटेमालानं तर १९७८ साली त्याला आपलं राष्ट्रीय वाद्य ठरवलं. पुढे शिकागोच्या कारखान्यांत धातूच्या नळ्यांचे मारिंबा बनू लागले आणि तिथून ते जपानला आले.

जपानला आले ते दुसरं महायुद्ध संपल्यावर. टोकियोत १९३७ साली जन्मलेली केइको आबे तेव्हा शाळेत होती. ती सायलोफोन वाजवायची. तेही लाकडी पट्ट्यांचंच वाद्य, पण आवाज उंच आणि खणखणीत. १९५० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका मिशनरी मंडळानं मारिंबा आणले होते. केइकोनं ते ऐकले आणि त्यातल्या खालच्या, खोल, घुमणाऱ्या स्वरांनी ती भारावून गेली. शाळकरी वयातच ती जपानच्या रेडिओवर वाजवू लागली. मग शिकायला गेली कुठे? तर शिक्षक तयार करणाऱ्या टोकियो गाकुगेई विद्यापीठात. (आम्हां शिक्षकमंडळींना हे वाचून जरा बरं वाटतं!)

आता खरी अडचण पुढे आली. केइकोबाईंना काम भरपूर होतं. रेडिओ होता, ध्वनिमुद्रणं होती. पण वाजवायचं काय? तर लोकप्रिय गाण्यांच्या चाली. पियानोवाल्यांकडे दोनशे वर्षांचं संगीत तयार होतं, व्हायोलिनवाल्यांकडे त्याहून जुनं. मारिंबावाल्यांकडे मात्र फारच थोडं, त्यातही एकट्यानं वाजवण्यासारखं अगदी कमी. मोठ्या सभागृहात मारिंबाची अख्खी मैफल करायची, तर कार्यक्रमपत्रिकेवर लिहायचं काय?

आपल्या संगीतात हा प्रश्न येत नाही. आपला सतारवादक रागाच्या चौकटीत तिथल्या तिथे नवं निर्माण करतो. त्या संगीतात मात्र आधी कुणीतरी रचना लिहावी लागते, मग वादक ती बसवतो. लिहिणारे संगीतकार तर मारिंबाकडे बघतही नव्हते. 'चांगल्या रचना नाहीत, म्हणून चांगले वादक नाहीत. वादक नाहीत, म्हणून रचना नाहीत.' असा हा गुंता. तो सुटायचा कसा?

केइकोबाईंनी तो साध्या उपायानं सोडवला. त्या संगीतकारांकडे गेल्या आणि त्यांनी मागितलं! दिवाळी अंकाचे संपादक लेखकाला पत्र धाडून कथा मागवतात ना, तसंच. गावाकडे लग्नात वाजंत्रीवाल्यांना सुपारी देतात. ही सुपारी रचनाकाराला, एवढाच फरक. पण मागणं म्हणजे नुसतं 'लिहून द्या' म्हणणं नव्हे. हे वाद्य काय काय करू शकतं, चार काठ्यांनी एका वेळी किती स्वर निघतात, हळू वाजवलं तर कसं ऐकू येतं, हे सगळं वादकानं दाखवावं लागतं. आणि आलेली रचना कितीही अवघड असो, महिनोन्‌महिने बसून ती हातात आणावी लागते. ती यापूर्वी कुणीच वाजवलेली नसते. कुणाचं ऐकून शिकायची सोय नाही. पहिल्या प्रयोगात ती पडली, तर लोक म्हणणार, 'या वाद्याचं हे असंच!'

१९६२ मध्ये अकिरा मियोशी यांनी 'कॉन्व्हर्सेशन', म्हणजे 'संभाषण', ही रचना लिहिली. मग उजाडलं १९६८ साल. त्या वर्षी केइको आबेंनी टोकियोत केलेल्या मैफलीत नव्या, ताज्या रचना होत्या. मिनोरू मिकी यांची 'टाइम फॉर मारिंबा' आणि मियोशींची 'टॉर्स थ्री' या दोन रचना त्या वर्षीच्याच. ज्या वाद्याला लोक साथीचं समजत होते, ते एकटं रंगमंचावर उभं राहिलं. 'टाइम फॉर मारिंबा' पुढे जगभरचे विद्यार्थी वाजवू लागले. आबेबाईंनी अशा पन्नासहून अधिक नव्या रचना पहिल्यांदा लोकांसमोर आणल्या. स्वतःही लिहिल्या. १९७८ च्या एका रचनेचं नाव 'मिची', म्हणजे वाट. १९८२ मध्ये जपानी बालगीतांवर आधारलेली एक रचना त्यांनी केली. १९९३ साली अमेरिकेतल्या तालवादकांच्या संस्थेनं त्यांना आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतलं. त्या यादीतल्या त्या पहिल्या स्त्री.

आणि इथे आपण परत हमामात्सूला येतो. संगीतकार नव्या कल्पना लिहू लागले तसं जुनं वाद्य अपुरं पडू लागलं. आणखी खालचे स्वर हवेत, आवाज दूरपर्यंत जायला हवा. १९६० च्या दशकापासून आबेबाई यामाहाच्या कारागिरांबरोबर बसू लागल्या. त्यांनी वाजवायचं, उणीव सांगायची आणि कारागिरांनी पुन्हा पट्टी तासायची, पुन्हा नळी बदलायची. चार सप्तकांचा मारिंबा वाढत वाढत १९८० च्या दशकात पाच सप्तकांचा झाला. ६१ पट्ट्या! आपली भजनातली पेटी साधारण तीन-साडेतीन सप्तकांची असते, यावरून कल्पना करा. म्हणजे नवं संगीत मागितलं, त्यामुळे वाद्य बदललं आणि वाद्य बदललं, तेव्हा आणखी नवं संगीत लिहिता आलं.

ही मागण्याची रीत पुढे इतर देशांतही पसरली. मोठ्या संगीतकाराचं मानधन एकट्या वादकाला कसं परवडणार? मग तिकडेही आपल्या गणेशोत्सवासारखा मार्ग निघाला. वर्गणी! १९८६ मध्ये अमेरिकेत विल्यम मोर्श, ली हॉवर्ड स्टीव्हन्स आणि गॉर्डन स्टाउट हे तिघे वादक एकत्र आले आणि सरकारी कलानिधीच्या मदतीनं नव्या रचना करवून घेतल्या. त्यांतल्या जेकब ड्रकमन यांच्या रचनेचा विषय होता पाण्याची रूपं.

पण एक फट उरलीच होती. नवशिक्यांसाठी सोपे धडे होते आणि उस्तादांसाठी महाकठीण रचना होत्या. मधल्या मुलांनी काय वाजवायचं? बालभारती संपल्यावर एकदम ज्ञानेश्वरी हातात दिली, तर कसं होईल! नॅन्सी झेल्ट्समन या वादक-शिक्षिकेनं हे ओळखलं. त्यांच्या मारिंबा महोत्सवाच्या उपक्रमातून खास मधल्या पायरीच्या २४ नव्या रचना तयार झाल्या आणि २००९ साली त्या महोत्सवात वाजल्या. नामवंत रचनाकारांनी शिकणाऱ्या मुलांसाठी लिहावं, ही गोष्ट मला तरी फार मोलाची वाटते.

आता थोडी काळजीची गोष्ट. चांगल्या मारिंबाच्या पट्ट्या ज्या लाकडाच्या होतात, त्याला होंडुरास रोझवूड म्हणतात. ते झाड बेलिझ, ग्वाटेमाला आणि दक्षिण मेक्सिकोच्या जंगलांत वाढतं. आपल्या सह्याद्रीतला शिसव त्याच कुळातला. आजीच्या घरचा काळपट, जड शिसवी पाट आठवतो? त्यावर टिचकी मारून पाहा! फर्निचरसाठी ही झाडं इतकी तोडली गेली, की २०१७ मध्ये या सबंध कुळाच्या परदेशी व्यापारावर जगभर नियम लागू झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्च्या लाकडावरचा पहारा कायम राहिला. म्हणून कारखान्यांनी कृत्रिम पट्ट्याही बनवल्या. तरीही लाकडाचा स्वर तो लाकडाचाच, असं म्हणणारे वादक पुष्कळ आहेत. झाडं राहिली, तरच तो स्वर राहील.

मारिंबा तुमच्या गावात नसेल, पण त्याचं गुपित घरी करून पाहता येईल. ३० सेंटीमीटर लांबीची, सरळ आणि कोरडी लाकडी पट्टी घ्या. दोन्ही टोकांपासून पावणेसात सेंटीमीटरवर खुणा करा. दोन जाड दोऱ्या किंवा पुसायची दोन रबरं ठेवून पट्टी बरोबर त्या खुणांवर टेकवा आणि मधोमध पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच मारा. आता टेकू टोकांशी सरकवून पुन्हा मारा. आवाज दबला की नाही? पट्टी थरथरते तेव्हा त्या दोन खुणांच्या जागा जवळजवळ स्थिर असतात, म्हणून तिथे टेकलं की स्वर मोकळा निघतो. मारिंबाच्या पट्ट्यांतून दोरी ओवतात ती याच जागी.

सात वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या जमल्या, तर सा रे ग म लावून बघा. आणि हो, त्यावर वाजवायला नवी चाल हवी असेल, तर वर्गातल्या गाणाऱ्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे ती बिनधास्त मागा!