दुबईत सेकंड-हँड सुपरकार घेताना पहिला प्रश्न : ‘स्पेक काय?’

दुबईहून आलेला माणूस तुम्हाला मोबाइलवर काय दाखवतो? बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफारी आणि कुठल्यातरी मॉलच्या दारात उभी असलेली लॅम्बोर्गिनी. त्या लॅम्बोर्गिनीला टेकून काढलेला स्वतःचा फोटो तर हवाच! इथल्या पोलिसांकडेसुद्धा २०१३ पासून लॅम्बोर्गिनी, फेरारी आणि पुढे चक्क बुगाटी. पण या गाड्या नंतर जातात कुठे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मालकाची नोकरी सुटते, घरात बाळ येतं, नवं मॉडेल येतं... आणि तीच गाडी शेख झायेद रोडवरून आत वळून अल कुझच्या एखाद्या गोदामात, काचेवर किमतीचा कागद लावून उभी राहते.

अल कुझ म्हणजे दुबईची भोसरी एमआयडीसी समजा. मार्बल कापणारे कारखाने, लॉजिस्टिक्सवाल्यांचे ट्रक, कामगारांच्या बसेस आणि सगळ्यावर बारीक धुळीचा थर. मध्येच अल्सरकल अव्हेन्यूची आर्ट गॅलऱ्या भरलेली गोदामं, जिथे कॉफी पिताना आपण भलतेच इंटेलेक्च्युअल दिसतो. आणि त्याच गल्ल्यांमध्ये गॅरेज. एका शटरमागे चार मर्सिडीज, पुढच्या शटरमागे लिफ्टवर टांगलेली फेरारी, खाली हिंदीत बोलणारा मल्याळी मेकॅनिक. करक चहा सगळीकडे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी तिथे पोचलो ते मावसभाऊ आणि वहिनीबरोबर. दादा मूळचा चिपळूणचा, गेली पंधरा वर्षं दुबईत बिल्डिंगांच्या एअर कंडिशनिंगची डिझाइन्स करतो. ठाण्यात फ्लॅट झाला, त्याचं कर्ज फिटलं, मुलीच्या शिक्षणाची सोय झाली. आता उरलेल्या बचतीतून एक सुपरकार. बजेट किती? पुण्याच्या उपनगरात बऱ्यापैकी टू-बीएचके येईल एवढं! मावशीला अर्थातच सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं, गाडी बघायची, आवाज ऐकायचा, आवडली तर घ्यायची. पण इथे कुणीही पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारत नाही. पहिला प्रश्न एकच : ‘स्पेक काय?’ आणि त्याचं अपेक्षित उत्तरही एकच : ‘जीसीसी.’ म्हणजे आखाती देशांसाठी बनलेली आणि इथल्या अधिकृत डीलरकडून विकली गेलेली गाडी. ४५ अंशांचा उन्हाळा धरून तिचं कूलिंग आणि एसी ठरवलेला असतो. एसी हा दादाचा घरचा विषय, त्यामुळे त्याने जरा मीठ लावून सांगितलं, ‘प्रत्येक मॉडेलमध्ये रेडिएटर वेगळा असतोच असं नाही रे. अर्धा फायदा कागदांचा आहे. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस इथेच, एका सिस्टिममध्ये सापडते.’

जीसीसी नाही, तर मग काय? जपानी, युरोपियन आणि अमेरिकन. यातला अमेरिकन स्पेक मोहात पाडतो, कारण तो स्वस्त असतो. का स्वस्त, ते कळलं की घाम फुटतो. अमेरिकेत अपघातात किंवा पुरात सापडलेली गाडी विमा कंपनी ‘सॅल्व्हेज’ ठरवते, ती लिलावात जाते, कंटेनरमध्ये बसून आखातात येते, इथे ठोकून-रंगवून चकाचक होते. सगळ्याच अमेरिकन गाड्या अशा नसतात हे खरं. पण कुठली तशी आहे, हे नुसतं बघून तुम्हा-आम्हाला कळणार नाही.

पहिल्याच शोरूममध्ये दादाचा जीव अडकला तो अशाच एका गाडीत. फेरारी एफ४३०, पिवळी, आणि मॅन्युअल! हा पिवळा मोडेना शहराचा रंग, फेरारीच्या बोधचिन्हातल्या घोड्यामागे असतो तोच. ४.३ लिटरचं व्ही८, ४९० हॉर्सपॉवर. आणि मधोमध तो धातूचा गेट, ज्यातून गिअरचा दांडा ‘खट्’ करून सरकतो. मधल्या इंजिनाच्या व्ही८ फेरारींमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला तो एफ४३० पर्यंतच. २००९ मध्ये आलेली ४५८ फक्त ऑटोमॅटिक ड्युअल-क्लचमध्ये आली. म्हणजे आता जेवढ्या आहेत, तेवढ्याच. दादा सीटवर बसला आणि पाच मिनिटं काही बोललाच नाही. वहिनी मात्र काचेच्या कोपऱ्यातून चॅसी नंबर टिपून घेत होती. तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे भरून अमेरिकन हिस्ट्री रिपोर्ट मागवला. आला. सॅल्व्हेज! पुढून ठोकलेली. सेल्समन म्हणाला, ‘सर, मायनर, मायनर.’ दादाने हळूच दार लावलं. ते दार लावताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

जीसीसी म्हटलं की डोळे झाकून घ्यायची, असंही आता राहिलेलं नाही. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतोय? ७५ वर्षांतला सगळ्यात मोठा. अल ऐनजवळच्या एका ठिकाणी २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटरच्या वर. दुबईचे रस्ते आणि बेसमेंट पार्किंग पाण्याखाली गेलं. मुंबईत २६ जुलै २००५ नंतर ‘एकदम स्वस्तात होंडा सिटी’ म्हणून ज्या गाड्या फिरत होत्या, त्यांची गोष्ट आठवली तर बाकी सांगायला नको. म्हणून मेकॅनिक आता कार्पेट उचलून वास घेतात, सीटच्या पट्ट्यांखालचे बोल्ट गंजलेत का बघतात. सुपरकारचं वायरिंग एकदा भिजलं की ते कुठे, कधी दगा देईल याचा नेम नाही.

दुसरा मुद्दा गिअरबॉक्सचा, आणि इथे नवरा-बायकोत खरी जुंपली. त्या काळातल्या बहुतेक सुपरकार पॅडलवाल्या. फेरारीत त्याला एफ१ म्हणायचे, लॅम्बोर्गिनी गॅयार्डोमध्ये ई-गिअर, ऑडी आर८ मध्ये आर-ट्रॉनिक. हे आजच्यासारखे ड्युअल-क्लच नव्हेत. साधाच क्लच, पण पायाऐवजी हायड्रॉलिक्स दाबतं. ट्रॅफिकमध्ये, चढावर रेंगाळत, रिव्हर्स घेताना तो झिजतो, आणि बदलायचा खर्च ऐकून बसायला खुर्ची लागते. दिलासा एवढाच, की यातल्या फेरारी-लॅम्बोर्गिनींचा क्लच किती झिजलाय हे मेकॅनिक कॉम्प्युटर लावून टक्क्यांत वाचू शकतो. विकणारा हा आकडा आपणहून दाखवत असेल तर बरं चिन्ह समजा. ‘कशाला, एकदम नवा आहे’ म्हणाला तर पुढच्या शटरकडे चालू लागा.

दादाला मॅन्युअलच हवी होती. वहिनी म्हणाली, ‘अहो, शेख झायेद रोडवर संध्याकाळी सहाला किती वेळा क्लच दाबाल?’ आणि मग माझ्याकडे वळून : ‘भाऊजी, मला एकच सांगा. ही विकायची वेळ आली तर घेणार कोण?’

हा प्रश्न गमतीचा नाही. दुबईत राहणाऱ्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा किंवा सामान बांधा. २००८-०९ च्या मंदीत विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर गाजल्या होत्या. आणि गाडी भारतात आणू म्हणाल तर ते विसरा. आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. दुबईचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे फेरारीचा विषय निघाला की अजून सचिनची लाल ३६० मोडेना आठवते, आणि तीही २०११ मध्ये सुरतच्या व्यावसायिकाकडे सेकंड-हँडच गेली. पण तिला निदान गिऱ्हाईक शोधायची घाई नव्हती. दादाला ती एखाद्या दिवशी असेल. म्हणजे इथे स्पेक निवडायचा तो आपल्यासाठी थोडा आणि आपल्यानंतर येणाऱ्या, अजून चेहराही न पाहिलेल्या माणसासाठी जास्त.

त्या नजरेने बघायला लागलं की गाड्या वेगळ्याच दिसतात. जांभळ्या रॅपमधली गॅयार्डो, छतापर्यंत लाल शिलाईचं इंटिरिअर, कानठळ्या बसवणारा बाहेरचा एक्झॉस्ट... ज्याने केलं त्याची हौस झाली, पैसे मात्र पुढच्याने द्यायचे! मूळ एक्झॉस्ट खोक्यात जपून ठेवला असेल तर ठीक, नाहीतर भाव पाडून मागा. रंग पांढरा, चंदेरी किंवा राखाडी असेल तर इथे गाडी लवकर हलते. फेरारी लाल चालते, कारण ती फेरारी आहे. काळी उन्हात उभी राहिली की तव्यासारखी तापते, आणि धूळ तिच्यावर पहिल्यांदा दिसते.

ऊन काय करतं ते आतमध्ये बघा. त्या काळातल्या फेरारींच्या बटणांवरचा रबरासारखा लेप उष्णतेने वितळून चिकट होतो. बोट लावलं तर चिंचगुळाच्या बरणीत घातल्यासारखं वाटतं. डॅशबोर्डचं चामडं आक्रसून काचेपासून सुटतं. टायरला भरपूर नक्षी दिसते, पण बाजूला चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आम्ही बघितलेल्या एका झगझगीत गाडीचे टायर नऊ वर्षांचे निघाले. गाडी फक्त ११ हजार किलोमीटर चाललेली. सेल्समनला याचा अभिमान, मेकॅनिकला याचीच काळजी! नुसती उभी राहिलेली सुपरकार ही न चालणाऱ्या माणसासारखी असते, सगळे सांधे धरतात. साठ हजार किलोमीटर झालेली, पण दरवर्षी डीलरचा शिक्का असलेली गाडी मला केव्हाही परवडेल.

नंबर प्लेटचं मात्र मनावर घेऊ नका. हा इथला वेगळाच खेळ आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ ही नुसती प्लेट चॅरिटी लिलावात साडेपाच कोटी दिरहॅमना गेली. गाडी वेगळी घ्यायची!

आणि ब्रेक. कार्बन-सिरॅमिक डिस्क हा ब्रोशरमधला फार मोठा ऑप्शन. ट्रॅकवर जाणाऱ्याला तो हवाच. पण दादा गाडी नेणार कुठे? रविवारी पहाटे रास अल खैमाच्या जेबेल जैसच्या घाटात, कधी हत्ताला, एरवी ऑफिस ते घर. सपाट, सरळ रस्ते आणि पावलोपावली स्पीड कॅमेरे. दुबईत मर्यादेवर वीसची सूट मिळते, अबू धाबीने तीही २०१८ मध्ये काढून टाकली. अशा वापरासाठी सिरॅमिक डिस्क म्हणजे बदलायची वेळ आली तर छोटी गाडी येईल एवढं बिल. साध्या लोखंडी डिस्कवाली गाडी मिळाली तर नाक मुरडू नका.

उलट ज्या ऑप्शनकडे कुणी बघत नाही, त्याने रोजचं जगणं ठरतं. गॅयार्डोला पुढचं नाक वर उचलणारी लिफ्ट ऑप्शनमध्ये मिळायची. दुबईच्या वस्त्यांमधले स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचे रॅम्प बघितले की ती लिफ्ट सोन्याची वाटते. वहिनीने तर अल नहदातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या रॅम्पचा कोन मोबाइलवर मोजून आणला होता!

दुपारी तीनला शेवटचे दोघं उरले. एक राखाडी गॅयार्डो एलपी५६०-४, ५.२ लिटरचं व्ही१०, जीसीसी, ई-गिअर, लिफ्टसकट, क्लच पन्नास टक्के शिल्लक. दुसरी चंदेरी ऑडी आर८, ४.२ लिटरचं व्ही८, ४२० हॉर्सपॉवर, जीसीसी, लोखंडी ब्रेक, डीलरच्या सगळ्या नोंदी आणि... गेटवाला मॅन्युअल. पहिल्या पिढीनंतर आर८ मध्येही मॅन्युअल मिळाला नाही. दोन्ही गाड्यांचं नातं जवळचं. गॅयार्डोच्या बॉड्याही जर्मनीत ऑडीच्या नेकार्सुल्मच्या कारखान्यात बनून इटलीला जायच्या. किंमत मात्र ऑडीची जवळजवळ निम्मी.

मी असतो तर गॅयार्डो घेतली असती. व्ही१० चा आवाज एकदा ऐकला की हिशेब सुचत नाहीत. वहिनीने एक्सेल उघडली. आर८ घेतली तर उरलेल्या पैशात दोन वर्षांची फी आणि ‘उद्या काही झालं तर’ची सहा महिन्यांची सोय. आणि मॅन्युअल आर८ साठी दुबईत गिऱ्हाईक कमी असलं, तरी डाव्या स्टिअरिंगची अशी गाडी शोधणारे वेडे युरोपात आहेत. ‘म्हणजे तुमचा दांडाही आला आणि माझं गिऱ्हाईकही,’ ती म्हणाली. दादा हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. मागचा एक मॅग्नेटिक शॉक ॲब्सॉर्बर गळत होता, आर८ चं हे नेहमीचं दुखणं. त्याचे पैसे किमतीतून कापून घेतले. कार्पेटखाली कोरडं. बँकेचा बोजा नाही. चार दिवसांनी मुल्कियावर, म्हणजे इथल्या आरसी कार्डावर, दादाचं नाव आलं.

आर८ ला लिफ्ट नव्हती. संध्याकाळी अल नहदात रॅम्पच्या तोंडाशी वहिनी उतरली, वॉचमनला एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूला वाकली आणि हात हलवत राहिली, ‘तिरकी घ्या... अजून तिरकी... बस, आता सोडा क्लच हळू.’ दोन बोटांचं अंतर ठेवून चंदेरी नाक खाली उतरलं.